भावजयीची पानं

१२ मार्च २००६

तीर्थस्वरूप ताईस,
सा. न. वि. वि.

आम्ही तिघंही ठणठणीत. पिल्लाला पहिला दात आलाय आणि ती दिसेल त्याला चावते आहे.

सध्या ऑफिसात सगळ्यांना एकच वेड लागलंय. एक वेबसाइट निघाली आहे. तिथं प्रत्येकाचं एक पान असतं आणि ओळखीच्यांनी त्यावर येऊन दोन ओळी लिहायच्या. शाळेत माझ्या मागच्या बाकावर बसणारा तो चष्मिस मला तिथं वीस वर्षांनी सापडला! तुझंही पान मी परस्पर उघडलंय. फोटो नव्हता, म्हणून तुझ्या पुस्तकं दाबायच्या प्रेसचा लावलाय. राग मानू नकोस.

हिनं तर तुझ्या पानावर मुक्कामच ठोकलाय. लग्नानंतर तुम्ही दोनदाच भेटलात, पण ही रोज काहीतरी लिहिते आणि मुद्दाम जुन्या थाटात तुला ‘वन्सं’ म्हणते. समोरच्या झेरॉक्सवाल्या बाईंकडे कॉम्प्युटर आहे ना? तिथं जाऊन बघ.

लोभ आहेच, तो वाढव.
तुझा धाकटा

२ एप्रिल २००६

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

बाईंकडे जाऊन आले. भावजयीनं लिहिलेलं वाचून त्यांच्या खुर्चीत बसून इतकी हसले, की दोन गिऱ्हाइकं खोळंबली. पण उत्तर द्यायचं म्हटलं तर एक अक्षर शोधायला मला पाच मिनिटं लागतात. तू आपला तोंडीच निरोप दे, की वन्सं सगळं वाचतात.

एक सांगते, हसू नकोस. उभा जन्म बायंडिंगमध्ये गेला माझा. जे शिवलेलं नाही त्यावर माझा जीव बसत नाही. तू म्हणशील, तिथलं काही हरवत नाही. असेलही बाबा.

पिल्लाचे पापे घे.
तुझी ताई

९ जून २०१७

तीर्थस्वरूप ताईस,
सा. न. वि. वि.

आज एक कबुली द्यायची आहे. पिल्लू आता बारा वर्षांची झाली. ही गेली तेव्हा पोर पाचच वर्षांची होती, तिला आईचा आवाजसुद्धा आठवत नाही. परवा तिनं विचारलं, की आई बोलायची कशी. मी ऐटीत सांगितलं, की थांब, दाखवतोच. तुझ्या पानावर हिनं चार वर्षं लिहिलेलं सगळं होतं ना!

उघडायला गेलो तर ती वेबसाइटच नाही. बंद होऊन तीन वर्षं झाली. आधी सूचना दिली होती म्हणे, पण ती माझ्या जुन्या ईमेलवर गेली. मी तोवर फोटोंच्या साइटवर, मग गटांमध्ये, मग व्हिडिओंमध्ये रमलो होतो. सगळे जिथं गेले तिथं मीही गेलो आणि हिला मागे सोडून आलो. पोरीला काय सांगू ते कळत नाही.

तुझा धाकटा

१७ जून २०१७

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

आधी डोळे पूस. सोबतचं पार्सल कात्रीनं नीट उघड, सुरी खुपसू नकोस.

भावजय गेली त्या आठवड्यात मी झेरॉक्सवाल्या बाईंना सांगून माझं सगळं पान कागदावर काढून घेतलं होतं. चारशे बारा पानं. बाई पानाला हात लावायच्या आधी डोळे पुसत होत्या. तू हसशील आणि तुला त्रासही होईल, म्हणून बोलले नाही.

पण एक घोळ झालाय. बायंडर मजकूर वाचत नाही, गठ्ठा येतो तसा शिवतो. आणि त्या दिवशी माझ्यानं ते वाचवतही नव्हतं. त्या साइटवर नवं वर आणि जुनं खाली असायचं, हे लक्षातच आलं नाही. पुस्तक उलटं शिवलं गेलंय. शेवट आधी, सुरुवात शेवटी. परत पाठव, उसवून सरळ करून देते.

त्या वेबसाइटला मी कमी नावं ठेवली नाहीत, पण तिनं मला पाठची बहीण दिली. सल एकच आहे. चार वर्षांत मी तिथं एका ओळीचंही उत्तर लिहिलं नाही.

तुझी ताई

३० जून २०१७

तीर्थस्वरूप आत्यास,
सा. न.

माझं अक्षर घाणेरडं आहे, सवय नाही. बाबा म्हणाले, की आत्याला हातानंच लिही.

पुस्तक उसवू नकोस, प्लीज. मी पहिल्या पानापासून वाचलं. आधी आई हॉस्पिटलमध्ये होती आणि दोनच शब्द लिहायची. मग तिला जेवण बेचव लागायला लागलं, मग ती नर्सची नक्कल करायला लागली. पुढं तिचे केस परत आले. मग ती बाबांना घोरण्यावरून बोलायला लागली आणि मी खडू खाल्ला म्हणून मलाही. वाचत गेले तशी ती बरी होत गेली, आत्या. शेवटी मला एकच दात होता आणि तिला काहीही झालेलं नव्हतं. बाबा रडले, पण ते म्हणतात, की असंच राहू दे.

मला आता माहीत आहे ती कशी बोलायची. हे तू केलंस. तुझे खूप खूप आभार.

तुझं पिल्लू

ता. क. सगळ्यात शेवटच्या पानावर एकच ओळ आहे: ‘वन्सं, मी आले. आहात का?’ खाली सगळं कोरं आहे. सुट्टीत येशील तेव्हा तिथं उत्तर लिही. पेन मी देईन.