थांबवणारा जीन

हैदराबाद,
रविवार, २० ऑक्टोबर २०२४

ति. सोमनाथदादास,

धाकट्या भारतचा नमस्कार. फोन तू उचलत नाहीस म्हणून कागद. मी इथं बरा हाय, तुम्ही सगळे बरे असाल. दसऱ्याला झेंडू कसा गेला? आई म्हणाली, हार आता रूपालीवहिनी एकटीच ओवते.

माझं काम उंदरांचं. प्रयोगशाळेत पिंजरे धुवायचे, खाणं टाकायचं, कानाला भोक पाडून नंबर द्यायचा. आणि मारायचे. मान बोटांत दाबायची, शेपूट ओढायची, टक्. पहिल्याच महिन्यात मॅडम म्हणाल्या, "भारत, तुझा हात छान बसलाय." मॅडम वर्ध्याच्या, माझ्याशी मराठीत बोलतात. त्या दिवशी जेवण गेलं नाय.

सात नंबरच्या कपाटातली पिल्लं वेगळी. त्यांच्यातला एक जीन जन्माआधीच काढलाय. रक्तात रोगाशी लढणाऱ्या पेशी असतात, टी पेशी म्हणतात. त्यांना आवरायचं काम त्या जीनचं. ह्या पिल्लांत तो नाय, म्हणून रोग नसला तरी त्या लढतात, आपल्याच अंगाशी. तिसऱ्या आठवड्यात मानेला गाठी येतात, पिल्लू पाठ वाकवून कोपऱ्यात बसतं, मरतं. मॅडमनं एक उघडलं तेव्हा ट्रे मीच धरला होता. त्या पेशींनी काळीज आतून पार सडवलेलं. वरून एक ओरखडा नाय.

खोटं कशाला सांगू, मला लय बरं वाटलं. वाटलं, सापडलं. माझ्यातपण हाच जीन नसणार. त्याच आठवड्यात इथल्या राजूनं आईवरून शिवी दिली, तर मी त्याचं तोंड सिंकवर आपटलं. दोन दात गेले. मॅडमनं सांभाळून घेतलं म्हणून नोकरी हाय.

मी त्यांना म्हटलं, "माझं रक्त तपासा. तो जीन नसला तर कागदावर लिहून द्या, घरी पाठवायचाय."

त्या हसल्या नाहीत. "अरे, तो नसता तर तू केव्हाच आजारी पडला असतास. रागाशी त्याचा काय संबंध? ही पिल्लं तुला कधी चावली?"

नाय चावली. एकदाबी नाय.

"घरी कुणाला मारलंस?"

"कुणाला नाय. भाऊ विळ्यावर पडला."

दादा, दवाखान्यात पोलिसाला तू हेच सांगितलंस. आई म्हणते, पोराला रागात काय दिसलं नाय. तुलापण तसंच वाटत असंल, म्हणून लिहितो.

बाजारात सगळ्यांसमोर तू माझ्या कानाखाली मारलीस, ते सकाळी. मी घरी आलो, चहा प्यालो. दुपारी तू शेवंतीत वाकलेला. मी आधी काठी उचलली. ती खाली ठेवली आणि विळा घेतला. मागं पाऊल वाजलं तसं तू न बघताच म्हणालास, "भारत्या, पाणी आण रे." मी थांबलो. चांगला थांबलो होतो, दादा. मग मारला. तू वळून हात मधी घातला नसतास तर मान होती.

आई दिवाळीला ये म्हणते. तू म्हटल्याशिवाय येणार नाय. आलो तर आधी पोलीस चौकीत जाऊन हे सांगेन, मग घरी. वहिनीकडून लिहून घेऊ नकोस. बोटं वळत नसतील तर डाव्या हातानं एकच शब्द काढ, 'ये' किंवा 'नको'. वेडंवाकडं असलं तरी मी वाचेन.

तू विळ्यावर पडला नव्हतास.

तुला मारणारा,
तुझा धाकटा
भारत