सगळेच प्रश्न आजचे

ती. अक्काच्या पायांशी,

खटपट्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांगातली दोन-तीन अंगं हल्ली जमिनीला टेकत नाहीत, तेवढी सांभाळून घे.) तुझे गुडघे, तुझं ऐकू येणं आणि तुझा स्वभाव हे तिन्ही ठीक असतील असं धरून चालतो. पैकी तिसरा ठीकच असणार, कारण तो गेल्या पन्नास वर्षांत कधी आजारी पडल्याचं कोणाच्या ऐकिवात नाही. इकडे सगळं बरं आहे. रक्तदाब आहे, पण शिस्तीत आहे. खोलीच्या खिडकीला नवी काच बसवली, त्यामुळे समोरच्या घरातलं भांडण आता दिसतं पण ऐकू येत नाही, म्हणजे निम्मी गंमत गेली.

हे पत्र मी कुरिअरने पाठवतोय याचं तुला आश्चर्य वाटेल. फोन का नाही केला? केला होता, अक्का. तीनदा केला. तिन्ही वेळा माझ्या तोंडून 'वंशवेल मंच' हे शब्द निघाले रे निघाले की तू "थांब, दूध उतू जातंय" म्हणून फोन ठेवलास. (दूध तू डॉक्टरांनी सांगितल्यापासून घेत नाहीस.) म्हणून कागद. कागद मधेच ठेवून देता येतो हे मला माहीत आहे, तेव्हा मुद्द्याची गोष्ट आधीच सांगून टाकतो: मंचावर तू पूर्वी विचारलेला तो प्रश्न परत वर आलाय, आणि या खेपेला त्याला उत्तर आलंय. रविवारपर्यंत काही केलं नाही, तर ते उत्तर कायमचं पुसलं जाईल. कोणाचं उत्तर, ते सांगतो. पण आधी हे कसं झालं ते ऐक, नाहीतर तुला वाटेल की मीच काहीतरी उद्योग केला.

तुला मंच सोडून आता बरीच वर्षं झाली, म्हणून थोडक्यात सांगतो. जगभर विखुरलेल्या लोकांनी यायचं, आपल्या आडनावाखाली प्रश्न टाकायचा (माझे पणजोबा बोटीवर सुतार होते, कोणाला माहिती आहे का, वगैरे) आणि ज्याला ठाऊक असेल त्याने उत्तर द्यायचं, एवढाच तो कारभार. चालवणारे आम्ही तिघे, तिघेही निवृत्त आणि तिघेही बिनपगारी. एक टेलिफोनवाल्या बाई, ज्यांनी उभा जन्म एक्स्चेंजमध्ये दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली आणि एकदाही मधे तोंड घातलं नाही, त्याची भरपाई त्या आता करतात. दुसरे भूमापकसाहेब, ज्यांना जगातली कुठलीही अडचण सरळ रेषा मारून सुटेल असं वाटतं. आणि तिसरा मी. संगणकाचं शिक्षण मला कोणी दिलं नाही, पण चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला एवढं नक्की कळतं की यंत्र बिघडलं म्हणून लोक ओरडत नाहीत. मधल्या मजल्यावर अडकले म्हणून ओरडतात. आधी दार उघडायचं, मोटारीचं मग बघायचं. आमची बैठक भरते वाचनालयाच्या मागच्या खोलीत, जिथे ते लोक मोडक्या खुर्च्या ठेवतात. आम्ही त्यांच्यावरच बसतो, त्यामुळे बैठका लांबत नाहीत.

तर, जुना सर्व्हर थकला म्हणून आम्ही मंच नव्या सर्व्हरवर हलवला. सामान हलवताना एखादी बरणी फुटते, तशी इथे तारखांची फुटली. रोज सकाळी पंधरा-वीस जुने प्रश्न आजची तारीख लावून पहिल्या पानावर येऊन बसायला लागले, सोबत त्यांची जुनी उत्तरं आणि जुनी भांडणंही, सगळं आजचं. वर मंच इतका कर्तव्यदक्ष की त्या त्या आडनावाच्या सगळ्या सभासदांना ईमेल करून कळवायचा की बघा, ताजा प्रश्न आलाय!

पहिला दणका दंतवैद्यबाईंना बसला. त्यांनी कधीतरी मुलगी झाल्याची बातमी टाकली होती, वंशावळीत नाव घाला म्हणून. ती वर आली आणि अभिनंदनाचा पाऊस पडला. कोणी बाळंतिणीला जपायला सांगितलं, कोणी नाव काय ठेवणार विचारलं. शेवटी खुद्द बाळाने उत्तर दिलं: "आभारी आहे. दुधाचे दात पडून दुसरे आले, आता त्यांना तारा लावल्यात. कृपया मला झोपवायचे उपाय आईला सांगू नका, तीच मला उठवते."

मग सासरे-जावयाचं प्रकरण झालं. लग्न ठरायच्या आधी, म्हणजे फार पूर्वी, या सासऱ्यांनी त्या घराण्याबद्दल 'ज्यांच्या आजोबांचा पत्ता लागत नाही असे लोक' असं लिहिलं होतं. पुढे पत्ता लागला, लग्न लागलं, सगळं विसरलं गेलं. परवा दोघे समोरासमोर चहा पीत बसले असताना जावयाच्या फोनवर ईमेल आलं. त्याने वाचून फोन तसाच टेबलावर सरकवला. सासरे म्हणाले, "अहो, मी तुमच्यासमोर बसलोय! हे लिहीन कधी?" जावई म्हणाला, "मघाशी चष्मा आणायला आत गेला होतात." सासरे म्हणाले, "चष्म्याशिवाय मला लिहिता येतं का?" जावई म्हणाला, "म्हणून तर आत गेलात!" आता सासरे मला रोज फोन करतात की आपण त्या दिवशी निर्दोष होतो असं मंचाच्या सहीशिक्क्याचं पत्र द्या. मी म्हटलं, त्या दिवशी होतात, पण लिहिलं तुम्हीच आहे ना? तेव्हापासून ते बाईंना फोन करतात.

भूमापकसाहेबांनी यावर आपला उपाय केला. त्यांचं म्हणणं, सगळ्या तारखा पुढे सरकल्यात ना, मग सगळा मंच तेवढाच मागे ढकला. कोणाला न विचारता त्यांनी ढकलला. (हात जरा जड आहे त्यांचा.) त्या दुपारी मंचावरचा प्रत्येक सभासद आपल्या जन्माच्या आधीच लिहिता झाला. माझी स्वतःची 'शांतता राखा' ही सूचना माझ्या आजोबांच्या लग्नाआधीची निघाली. इतर कुठल्या मंडळींना हे फारसं लागलं नसतं, पण वंशावळवाले म्हणजे तारखेवर जगणारी जात. एका गृहस्थांनी तर हा पुरावा धरून आपल्या पणजोबांचं वय वाढवूनही टाकलं. संध्याकाळपर्यंत आम्ही सगळं परत पुढे आणलं, पण ते गृहस्थ पणजोबांना खाली आणायला अजून तयार नाहीत.

तेव्हा समितीत असं ठरलं की बिघाडाचं कारण रविवारच्या बैठकीपर्यंत सापडलं नाही, तर सगळं पुसून जुन्या सर्व्हरची प्रत परत चढवायची. म्हणजे हलवाहलवीनंतर कोणी जे काही लिहिलं ते गेलं. बाई म्हणाल्या, "जाऊ दे हो, भांडणंच आहेत सगळी." मी मान हलवली. होकाराची की नकाराची, ते मोघम ठेवलं.

कारण अक्का, गेल्या शनिवारी सकाळी तुझा प्रश्न वर आला. मी तो तेव्हा वाचला होता आणि विसरलो होतो. तू लिहिलं होतंस: 'माझी धाकटी बहीण रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका माणसाशी लग्न करून निघून गेली. ती कुठे आहे कोणाला माहीत असेल तर कळवा. भांडायचं नाही. आहे एवढं कळलं तरी पुरे.' त्याच्याखाली आपल्या थोरल्या दादांचं ते एका ओळीचं उत्तर: 'आमच्या वंशावळीत अशी व्यक्ती नाही.' आणि त्याखाली काही नाही, कारण त्यानंतर तू मंचच सोडलास. (दादांनाही ईमेल गेलं. ती ओळ पुसा म्हणून त्यांनी फोन केला. मी म्हटलं, आमचा नियम आहे, ज्याने लिहिलं त्यानेच पुसायचं, तुमचा पासवर्ड सांगा. तो त्यांना आठवत नाही. पणजोबांच्या पणजोबांची सात भावंडं पाठ आहेत, पण पासवर्ड नाही.)

शनिवारी दुपारी खाली उत्तर आलं. मी जसंच्या तसं उतरवतो, एक अक्षर माझं नाही:

'आज आठवण झाली होय? बरं. जाताना अक्काने दारात उभं राहून सांगितलं होतं की हा माणूस वर्षभर टिकला तर मला कळव. कळवते. टिकला. शेजारच्या खोलीत घोरतोय, वाटल्यास आवाज ऐकवते. अजून काही विचारायचं असेल तर तिने स्वतः विचारावं, मध्यस्थ चालणार नाहीत, विशेषतः तो खटपट्या. आणि दादा, व्यक्ती आहे.'

मी खुर्चीतून उठलो, पाणी प्यायलो, परत बसलो. व्यवस्थापकाने अशा वेळी तटस्थ राहायचं असतं, म्हणून तटस्थपणे एवढंच बघितलं की ही सभासद केव्हा झाली. तर चार वर्षांपूर्वी. खोटं नाव घेऊन आली, आपल्या आडनावाखाली नोंद केली, आणि तेव्हापासून एकही प्रश्न विचारला नाही, एकही उत्तर दिलं नाही. नुसती येऊन वाचून जायची, दर आठवड्याला. तू गेल्यानंतर ती आली, अक्का. तुझा प्रश्न तेव्हा इतका खोल गाडला गेला होता की तो तिला सापडणं शक्य नव्हतं. एक लिफ्ट वर गेली तेव्हा दुसरी खाली आली, असं रोज होतं, पण त्यात माणसं इतकी वर्षं उभी राहत नाहीत.

खासगी निरोप धाडायची सोय नव्या सर्व्हरवर अजून चालू नाही. तिचा पत्ता मला दिसतो, पण तो मी तुला द्यायचा नाही असा नियम आहे, आणि तो नियम मीच लिहिलाय. (तेव्हा फार ऐटीत लिहिला होता.) शिवाय मध्यस्थाबद्दल तिने काय म्हटलंय ते तू वर वाचलंसच. तेव्हा लिहायचं ते तुलाच, आणि तिथेच. मंचावर परत पाय ठेवणार नाही असं तू म्हणाली होतीस ते लक्षात आहे. पाय ठेवू नकोस. बोटं पुरतात.

बाकी काही विशेष नाही. गुडघ्यांना शेक दे. दूध उतू जाऊ देऊ नकोस.

तुझा,
खटपट्या

ता. क. तुझा पासवर्ड तू विसरली असशीलच. सोबतच्या चिठ्ठीवर नवा लिहिलाय, मोठ्या अक्षरात. शेजारच्या शिवणवाल्या बाईंकडे संगणक आहे असं तूच म्हणाली होतीस. त्यांना चष्म्याच्या नंबराचं कारण सांग, बहिणीचं सांगू नकोस, नाहीतर त्या पण खाली उत्तर देतील.

ता. क. २. हे वाचून झालं की हा कागद फाड. बिघाडाचं कारण मला सोमवारीच सापडलंय. टेलिफोनवाल्या बाई रोज नेमाने पंधरा-वीस जुने प्रश्न उघडून त्यांवर 'सुतार', 'खलाशी', 'बेपत्ता' अशा चिठ्ठ्या चिकटवतात, पुढच्यांना शोधायला सोपं जावं म्हणून. नव्या सर्व्हरच्या सेटिंगमध्ये 'बदल झाला की तारीखही बदलावी' अशी एक खूण आधीपासूनच केलेली आहे. ती काढली की संपलं, सगळे प्रश्न आपापल्या वर्षांत परत जातील, आलेली उत्तरंही राहतील. पण पाच वर्षांहून जुन्या प्रश्नाला आमच्याकडे कुलूप लागतं. वाचता येतं, खाली लिहिता येत नाही. म्हणजे खूण काढली तर तू बाहेर, नाही काढली तर रविवारी तिचं उत्तर जाणार. म्हणून मी बैठकीत कपाळाला आठ्या घालून बसतो आणि काही कळत नाही म्हणतो. भूमापकसाहेब माझी समजूत घालतात. सासरे-जावयांचं आणखी दोन-चार दिवस वाजेल, त्याला इलाज नाही. रविवारी बैठक सुरू झाली की मला कारण अचानक सापडणार आहे. तू शनिवारपर्यंत लिही.

ता. क. ३. तिला वाटतंय की तू आत्ता, या आठवड्यात विचारलंस. ते तसं नाही हे मी तिला सांगितलेलं नाही, आणि तूही सांगू नकोस. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे, पहिली ओळ 'मी तर तेव्हाच विचारलं होतं' अशी येईल. ती खोड. दुसरं काहीही लिही. रविवारी खूण निघाली की तुझ्या प्रश्नावर त्याची खरी तारीख आपोआप येईल, आणि दर आठवड्यासारखी ती वाचायला येईलच.