बाबांची रायफल

टून, १२ ऑक्टोबर १९९३

प्रिय मम्मा,

आधी तुला घट्ट मिठी. फ्लुरिन माझ्याकडे सुखरूप आहे, आणि बाबांना लष्कराने सेवा संपल्यावर कायमची दिलेली रायफल आता आपल्या कुणाच्याच घरात नाही.

तू नको म्हणालीस म्हणून मी रायफलचा विषय काढलाच नव्हता. शनिवारी सकाळी तो स्वतःच ती घेऊन दारात उभा. म्हणाला, "ताई, हिचे किती येतात बघू या."

दुकानात बंदूकवाल्या त्सुर्बुखेन आजोबांनी दस्त्याच्या मागची लोखंडी पट्टी उघडली. आत चिठ्ठीवर बाबांच्या अक्षरात त्यांचं नाव! ती चिठ्ठी सोबत पाठवतेय.

"नंबर सगळे जुळतात, नळी स्वच्छ आहे," आजोबा म्हणाले. "दस्ता तेवढा सैनिकी बुटांच्या खिळ्यांनी ठेचलाय. दीडशे फ्रँक देतो. पण पोरा, वडिलांची आठवण आहे. घाई कशाला? आठवडाभर घरी ठेव, विचार कर."

"नको, आजच घ्या," फ्लुरिन म्हणाला. "घरात असली की माझी नजर सारखी तिच्याकडेच जाते."

आजोबांनी लगेच रायफल कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला.

बाहेर पुलावर तो रडला. मीही रडले. उद्या डॉक्टरांकडे जायचं त्यानेच ठरवलंय; मी बरोबर जाणार आहे.

तुझा गुडघा कसा आहे? दुसऱ्या कापणीचं गवत आत आलं का?

दुपारचे बारा वाजलेत आणि इतके दिवस झोप नसलेला तुझा लेक आतल्या खोलीत घोरतोय. मी काही त्याला उठवणार नाही.

तुझीच,
सेराइना