घर सुस्थितीत आहे

तीर्थरूप ताईस,

अतिवृष्टीनंतर गावात शिरलेली नदी आता ओसरली आहे. आई शाळेच्या वर्गात, जोडलेल्या बाकांवर गादी घालून झोपते. आपले घर मात्र राहिले नाही. नदीकडची भिंत खचली आणि छप्पर पाण्याबरोबर गेले.

आईला धक्का बसेल असे काही सांगू नका, असे डॉक्टरांनी बजावले होते. म्हणून तिने विचारले तेव्हा मी म्हणालो, "घराचे विशेष नुकसान झालेले नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. "खोटं बोलायचं असलं की तू लहानपणापासून शुद्ध बोलतोस. गेलं ना घर?"

"गेलं."

तिने पदराने चष्मा पुसला. "ताईला कळवू नकोस. आत्ताच ऑपरेशन झालंय तिचं, टाके ओले असताना धावत येईल. घर बरं आहे असं लिही. आणि साधं लिही रे बाबा, नाहीतर तिलाही कळेल."

सकाळपासून तसे पत्र लिहितो आहे. दर वेळी 'घर सुस्थितीत आहे' असेच उतरते. म्हणून खरे ते आधी या कागदावर लिहून टाकले. हा तुला मिळणार नाही.

प्रकृतीस जप.

तुझा,
धाकटा भाऊ