गाण्याखालची ओळ

कोरेगाव,
सोमवार, दुपार

प्रिय क्रांती,

आण्णांनी फोन सोडून पत्र का लिहिलं, म्हणून पाकीट हातात घेतानाच तुझ्या मनात पाल चुकचुकली असेल. चुकचुकू दे. तो गुण तू माझ्याकडूनच घेतलायस. फोनवर तू मधेच हसतेस, मधेच आईचं विचारतेस, आणि मला सांगायचं ते घशातच राहतं. गेल्या सहा आठवड्यांत असं दहा वेळा तरी झालं. शुक्रवारी तुमच्या ‘पाणंद’ बँडचं नवं रेकॉर्डिंग येणार, त्याच्या आत हे तुला वाचायला मिळालं पाहिजे. वाचून झाल्यावर तू माझ्याशी बोलायचं बंद करशील, याची मला जवळजवळ खात्री आहे. तरी लिहितोय. मधेच फाडू नकोस, शेवटपर्यंत वाच.

आधी गेल्या शुक्रवारचा रिपोर्ट देतो, म्हणजे हाताला जरा वळण येईल. शिलाँगच्या त्या चार पोरांचं नवं गाणं ऐकलं. सुरुवातीला पत्र्यावर पाऊस वाजतो, तो खरा आहे, मशीनमधला नाही. मी तिकडं अडीच वर्षं काढलीत, मला कोण फसवणार. बेंगळुरूच्या मुलीनं या खेपेला पण घरातच रेकॉर्ड केलंय, दुसऱ्या कडव्यामागं कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात. तुझ्या आईच्या कानात हेडफोनचं एक बोंड घातलं, तर ती म्हणाली, चार शिट्ट्या झाल्या, डाळीचा पार लगदा झाला असंल. कोल्हापूरच्या पोरांनी हलगी घेतली ती लय भारी, पण गाणारा हलगीला भिऊन गातोय. वहीत लिहिलंय, आवाज पाचपैकी चार, दम पाचपैकी दोन. तुझं मत वेगळं असेल तर असू दे, मी माझा आकडा बदलणार नाही.

ही वही मी का सुरू केली, हे तुला मी कधी सरळ सांगितलं नाही. बावीस वर्षं फौजेच्या सिग्नल्समध्ये काढली. कानाला हेडफोन लावून बसायचं, खरखरीतून माणसाचा आवाज वेगळा काढायचा, वेळ आणि ठिकाण लिहायचं, आणि बोलणारा काय लपवतोय त्याचा अंदाज बांधायचा. रिटायर झालो तरी कानाची ही खोड गेली नाही. गेल्या दिवाळीत तू कानात बोंडं घालून अंगणात रांगोळी काढत होतीस आणि एकटीच हसत होतीस. आईला वाटलं, पोरगी खुशीत आहे. मला वाटलं, पलीकडं कोणीतरी आहे. तुझ्या आईच्या आणि माझ्या डोक्यात हा फरक पहिल्यापासूनच आहे.

माझ्या फोनवर तू गाण्यांच्या ॲपचं तुझंच खातं टाकून दिलं होतंस, आण्णांना भजनं ऐकायला म्हणून. त्यात तू काय ऐकतेस ते मला दिसायचं. तुला हे माहीत नव्हतं आणि मी सांगितलं नाही. दर शुक्रवारी सकाळी तू तिकडं सांगलीत नवी आलेली गाणी ऐकायचीस, आणि मागोमाग मी इकडं उसाला पाणी देताना तीच ऐकायचो. वहीत रकाने आखले. खरं सांगतो पोरी, चोर पकडायला बसलो आणि चोरीचीच गोडी लागली. ज्या बँडचं नाव आपल्या तालुक्यात कोणी ऐकलं नसेल, त्यांचं तिसरं गाणं पहिल्या दोनपेक्षा का पडलं, यावर मी बांधावर उभा राहून एकटाच भांडायचो. पण संशय काही सुटला नाही. एका शुक्रवारी तू ‘पाणंद’चं एकच गाणं दिवसभरात एक्केचाळीस वेळा ऐकलंस. एवढ्या वेळा कोणी उगीच ऐकत नाही. ज्याचा जीव त्यात अडकलाय तोच ऐकतो.

त्या गाण्याचं धृपद होतं, ‘तू बोल, मी ऐकतो’. गाणारा पोरगा. खाली नावं वाचली. गिटार आणि आवाज झिशान नदाफ, ड्रम बिराप्पा, शब्द टिटवी. ही टिटवी कोण ते कळेना, पण तिकडं माझं लक्षच नव्हतं. लक्ष होतं पहिल्या नावावर. खोटं कशाला लिहू, ते नाव वाचलं आणि माझा संशय दुप्पट झाला. तोच पोरगा आपल्यातला असता तर मी त्याचं घर, शिक्षण, नोकरी विचारली असती. नदाफ म्हटल्यावर मी काही विचारलंच नाही, थेट ठरवून मोकळा झालो. फौजेत ज्यांच्या शेजारी झोपलो, ज्यांच्या घरून आलेले लाडू खाल्ले, त्यांच्यात तसली नावं किती होती, ती मला तेव्हा आठवली नाहीत. हा पोरगा रोज तुझ्याशी फोनवर बोलतो, असा मी सरळ अर्थ लावला. दुसऱ्या कडव्यात ‘तीनच मिनिटं उरली’ असं येतं, त्यावरून कराडच्या स्टँडवर भेटायची वेळ ठरलीय, असं मी लाल पेनानं लिहून ठेवलं होतं. ते पान अजून तसंच आहे.

त्यानंतरच्या रविवारचं तुला माहीत आहे ते असं. उंब्रजला बिराप्पाच्या मामाच्या बंद पोल्ट्रीत तुमची पोरं सराव करत होती. माझ्या थोरल्या भावाचा विश्वजीत चार पोरं घेऊन तिथं घुसला. आवाज घुमू नये म्हणून भिंतींवर लावलेले अंड्यांचे ट्रे फाडले, ड्रमवर लाथा घातल्या, आणि झिशान दार लावायला गेला तर त्याचा डावा हात दारात चेपला. तेवढ्यात मी धावत आत शिरलो, विश्वजीतच्या दोन कानाखाली ओढल्या, पोरांना हाकललं आणि झिशानला स्कूटरवर मागं बसवून कराडला दवाखान्यात नेलं. तू सांगलीहून पोचलीस तेव्हा मी बाहेर बाकड्यावर त्याची गिटार मांडीवर घेऊन बसलो होतो. आतून तो बोट प्लॅस्टरमध्ये घालून बाहेर आला आणि तुला म्हणाला, “काका आले म्हणून वाचलो.”

तू माझा हात धरलास. मोठी झाल्यापासून तू माझा हात धरलेला मला आठवत नाही. तिथंच, त्या बाकड्यावर, तू मला सांगितलंस की टिटवी म्हणजे तूच. आण्णा चिडतील म्हणून नाव लपवलं होतंस. आणि ते गाणं कोणा पोरावर नव्हतंच. मी फौजेच्या चौकीवरून फोन करायचो तेव्हा तू सहा वर्षांची होतीस. लाइन कधी तुटेल त्याचा नेम नसायचा, मागं माणसं रांगेत उभी असायची, आणि मी म्हणायचो, तू बोल, मी ऐकतो, तीनच मिनिटं उरली. तू शाळेचं, कोंबडीचं, आईनं मारल्याचं सांगत सुटायचीस. माझंच वाक्य माझ्या कानावर पडलं, एक्केचाळीस वेळा तू ते ऐकलंस, पन्नास वेळा मी ऐकलं असेल, आणि मला ते ओळखू आलं नाही. बावीस वर्षं कानावर पगार खाल्ला मी. त्या बाकड्यावर मी रडलो, ते तुला वाटलं आनंदानं.

त्या दिवसापासूनचे सहा आठवडे माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले गेले. हे लिहायला लाज वाटते, पण तसंच आहे. तू रोज फोन करतेस. अर्धंकच्चं रेकॉर्डिंग सगळ्यांच्या आधी मला पाठवतेस. ड्रम गाण्यावर चढतोय असं मी म्हटलं, तर तुम्ही तो खरंच खाली घेतलात. झिशानचं बोट वाकडं बसलं, जुन्या पद्धतीनं गिटारच्या तारा दाबता येईनात, तर त्या पठ्ठ्यानं तीन बोटांवर सगळं नव्यानं बसवलं. परवा तू पाठवलेल्या तुकड्यात एका ठिकाणी त्याचं बोट घसरतं आणि तार कुचकन वाजते. तुम्ही ते तसंच ठेवलंय. मी तेवढाच तुकडा परत परत लावून ऐकतो.

पण या सहा आठवड्यांत संशयानं माझा पिच्छा सोडला नाही, फक्त तोंड माझ्याकडं फिरवलं. आता मला वाटतं, सगळे माझ्यावर पाळत ठेवून आहेत. विश्वजीत दोन कानाखाली खाऊनही गप्प आहे. गावात भेटला की नुसता हसतो आणि म्हणतो, काय काका, गाणं कुठवर आलं. मलकापूरला झिशानच्या वडलांकडं, बशीरभाईंकडं, मी तीनदा जाऊन आलो. गादीत कापूस भरता भरता ते माझ्याकडं मान वर करून बघतात आणि परत खाली घालतात. त्या बघण्यात काय आहे ते मला कळत नाही. झिशानच्या आईनं, मेहरुनबींनी, मला जेवायला बसवलं, माझ्या ताटात त्यांनी स्वतः वाढलं, आणि मी मान खाली घालून जेवलो. पोलिसात तक्रार द्यायची म्हणून ते दोघं निघालेच होते. मीच अडवलं. पोरं आमच्या घरातली आहेत, मी बघून घेतो, असा शब्द दिला. त्यांनी तो मानला. फौजी माणूस आहे, म्हणाले.

सरळ प्रश्न केला तो एकट्या तुझ्या आईनं. मागच्या मंगळवारी भाकरी थापता थापता, माझ्याकडं न बघता ती म्हणाली, “तुमी त्या दिवशी उंब्रजला कशाला गेला हुता?” मी म्हणालो, फवारणीचा पंप दुरुस्तीला टाकला होता. ती म्हणाली, पंप तर माळ्यावर हाय. मी उठून अंगणात गेलो. तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलते. तू मात्र हे कधी विचारलंच नाहीस. तुला विचारावंसं वाटलं नाही, की उत्तर ऐकायची भीती वाटली, हेही मी रोज मनात घोळवतो.

तर ऐक. विश्वजीतला मी पाठवलं होतं. पोल्ट्रीचा पत्ता मी काढला, रविवारची वेळ मी दिली, आणि त्या पोराला जरा समज द्या, असं मी माझ्या तोंडानं म्हणालो. हात लावू नका असं म्हणालो नाही. ते म्हणायचं राहून गेलं असं नाही, मी मुद्दाम म्हणालो नाही. मी आधीच जाऊन समोरच्या चहाच्या टपरीवर बसलो होतो, बघायला. पोरगा ओरडला तेव्हा मी धावलो, तेवढं खरं आहे. काल तू शुक्रवारी गाण्याखाली जे येणार त्याचा फोटो पाठवलास. पहिल्यांदाच टिटवीच्या जागी तुझं खरं नाव बघितलं, क्रांती, आणि त्याच्याखाली ती ओळ, ‘आण्णांसाठी, जे त्या दिवशी धावत आले.’ तो फोटो बघितल्यापासून मला अन्न गोड लागेना. ती ओळ काढ. गाण्याखालचा मजकूर गुरुवारपर्यंत बदलता येतो, असं तूच म्हणाली होतीस. ज्या पोराचं बोट माझ्यामुळं वाकडं झालं, त्याच्या गाण्याखाली माझं नाव नको. उद्या सकाळी मी मलकापूरला जातोय, बशीरभाईंना हे सगळं तोंडानं सांगायला. त्यांना तक्रार द्यायची असेल तर मी त्यांच्याबरोबर पोलीस चौकीत जाईन आणि विश्वजीतच्या आधी माझं नाव लिहायला लावीन. तू मधे पडू नकोस, माझ्यासाठी त्यांच्याकडं शब्द टाकू नकोस. तुमच्या दोघांत काय आहे, काय नाही, ते विचारायचा हक्क मी घालवलाय, म्हणून तेही विचारत नाही. शुक्रवारी सकाळी आठ वाजता मी गाणं लावीन. खाली ती ओळ नसली, म्हणजे पत्र तुला मिळालं असं समजेन. फोन नाही केलास तरी चालेल.

तुझाच,
आण्णा