चढाचं शहर की पुलांचं

३ मार्च, मंगळवार

चार दिवस. चारच दिवस जायचंय या दोघांना, आणि पंधरवडा झाला, घरात नुसती शहरं फिरताहेत! आम्ही युरोपातल्याच एका शहरात तिसऱ्या मजल्यावर, आणि बाकीचा अख्खा युरोप आमच्या जेवणाच्या टेबलावर. मुलगा फोनवर एक शहर उघडतो, सून दुसरं उघडते. ताट ठेवायला जागा मागावी लागते.

मला अक्षर येत नाही, म्हणून मी बोलते आणि हा फोन लिहितो. नात शिकायला दूर गेली, त्याआधी एवढं करून देऊन गेली. म्हणाली, "आज्जी, मनातलं याला सांग, माझं डोकं खाऊ नकोस." वर तारीखही तोच घालतो. खाली काय लिहितो देव जाणे! पण ऐकून घेतो, मध्ये तोंड घालत नाही. या घरात तेवढंही कोणी करत नाही.

शहरांची नावं माझ्या जिभेवर बसत नाहीत. मी माझी ठेवलीत. नदीवर पुलामागे पूल आहेत, ते पुलांचं. उभे रस्ते, पिवळी ट्राम धापा टाकत चढते, खाली पाणीच पाणी — ते चढाचं. आणि एक कुंडांचं — तिथे म्हातारे गळ्याइतक्या गरम पाण्यात बुद्धिबळ खेळत बसतात. त्यांच्या बायका कुठे असतात ते फोटोत दिसलं नाही.

मुलगा मला विचारतो, "आई, तू सांग, कुठे जाऊ?"

अरे, मी येतेय का? जाणार तुम्ही दोघं, आणि गाव मी ठरवू? उद्या म्हणशील, आई, तूच फिरून ये आणि कसं होतं ते आम्हाला सांग!

४ मार्च, बुधवार

सुनेची आज सुट्टी. दुपारी माझ्या पायाची नखं कापत बसली होती. मला वाकता येत नाही, आणि मुलाच्या हातात नेलकटर दिला तर "कुठून सुरू करू?" विचारण्यात दिवस जाईल. हे मी तिला हसवायला म्हटलं. हसली नाही.

म्हणाली, "आई, मला कुठलंही शहर चालेल. पण ते त्यानं सांगायला हवं. एकदा तरी. 'मला इथे जायचंय, तुझ्याबरोबर.' लग्न झाल्यापासून मी वाट बघतेय."

मी म्हटलं, "आणि नाही सांगितलं तर?"

"तर बहिणीकडे एक खोली रिकामी आहे."

असं म्हणत तिनं माझं करंगळीचं नख बरोब्बर कापलं. मग म्हणाली, "त्याला यातलं काही सांगायचं नाही. माझी शपथ आहे तुम्हाला. सांगून बोलला तर ते माझंच बोलणं झालं."

झालं! मी अडकित्त्यातली सुपारी. तोही माझा, तीही माझी. नात गेल्यापासून घरात हे दोघंच समोरासमोर आलेत, तेव्हा कुठे त्यांना कळलं की आपण इतकी वर्षं पोरीशीच बोलत होतो.

७ मार्च, शनिवार

पुलांचं शहर बाद. का? तर विमानतळ गावापासून लांब आहे. मी म्हटलं, विमानतळ काय गावात चौकात असतो? मुलगा म्हणाला, "तसं नाही आई, बसला फार वेळ लागतो." मग अर्धा तास स्क्रीनवर बसच्या वेळा बघत बसला. सून उठून भांडी घासायला गेली. एरवी तिची भांडी वाजत नाहीत. आज वाजली.

वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई आल्या होत्या. निवृत्त आहेत, त्यामुळे आता सगळ्या जिन्याला शिकवतात. त्यांनी तिन्ही शहरं पाहिलीत. "चढाच्या शहरात गुडघ्यांचे हाल होतात हं," म्हणाल्या. मुलगा लगेच, "हो ना? मग ते नको." मी म्हटलं, बाई, गुडघे तुमचे, हाल तुमचे, मग आमचं शहर का बाद करता? हसल्या. पण मुलानं मान हलवली होती ती हलवलीच.

८ मार्च, रविवार

शपथ मोडायची नाही, पण टोचायला काय हरकत आहे? मुलगा लिफ्ट दुरुस्त करतो. शहरभर लोकांना वर-खाली पोचवतो आणि आम्ही मात्र बिनलिफ्टच्या इमारतीत धापा टाकतो. त्याला म्हटलं, "काय रे, बटण दाबल्याशिवाय लिफ्ट हलते का?"

म्हणाला, "हल्ली हलते. रिकामी असली की आपोआप तळमजल्यावर येऊन थांबते."

"मग तुझ्यातही तसलीच बसवली असेल कोणीतरी."

हसला. हसतो छान. हसून झालं की पुन्हा फोनमध्ये. त्याचा बाप घरात एवढ्या आवाजात सगळं ठरवायचा की याच्यासाठी ठरवायचं काही उरायचंच नाही. पण बाप जाऊन किती वर्षं झाली! अजून कोणाची वाट बघतोय?

११ मार्च, बुधवार

आज कुंडांचं शहर गेलं. विमान पहाटेचं आहे म्हणे. म्हातारे तसेच पाण्यात राहिले.

१२ मार्च, गुरुवार

सुनेच्या बहिणीचा फोन आला होता. मी पलीकडे बसले होते. बहीण मोठ्यानं बोलते, दोघींचं ऐकू येतं. म्हणत होती, "पडदे कुठल्या रंगाचे लावू?"

पाहुणीला कोणी पडद्यांचा रंग विचारतं का?

सून हळूच म्हणाली, "थांब अजून." मग माझ्याकडे बघितलं. मी डोळे मिटून घेतले, जणू झोपलेय. म्हातारपणाचा एवढाच उपयोग आहे, कधीही झोपता येतं.

ती गेली तर मला कोण सांभाळणार, हा प्रश्न नाही. मुलगा सांभाळेल, विचारून विचारून सांभाळेल. पण टोमणा मारला की उलटा मारणारं या घरात एकच माणूस आहे. मागे मी तिला म्हटलं, "भाजीत मीठ विसरलीस." ती म्हणाली, "तुमच्या जिभेवर आहे ना तिखट, त्यानं भागवा." अशी सून शोधून मिळते का कुठे?

१५ मार्च, रविवार

केलं मी. करून बसले!

मला वाचता येत नाही, म्हणून लोक वाचतात तेव्हा मी त्यांचे अंगठे बघते. सून फोनवर शहरं सरकवते ना, तिचा अंगठा भरभर पळतो आणि त्या पिवळ्या ट्रामपाशी आला की थांबतो. पुढे जातो, परत येतो. रोज. तिला कुठलंही चालेल म्हणे! तिला चढाचंच हवंय.

सकाळी ती अंघोळीला गेली तेव्हा मुलगा किटलीतला क्षार खरवडत होता. मी म्हटलं, "आज जेवताना म्हण, मला चढाच्या शहरात जायचंय."

"का?"

"आई सांगते म्हणून. आणि 'चालेल' म्हणायचं नाही. 'मला जायचंय' म्हणायचं. 'तुझ्याबरोबर' हेही म्हणायचं."

बराच वेळ किटली खरवडत राहिला. मग म्हणाला, "बरं."

शपथ मोडली नाही. जरा वाकवली.

आणि जेवताना बोलला! ताटात बघून बोलला, शाळेत कविता म्हणतात तसा, पण बोलला. तिच्या हातातला चमचा तसाच राहिला. मग अशी काही उजळली की मलाच लाज वाटली बघायला. उष्टा हात धुवायच्या आधी डाव्या हातानं तिकिटं काढून मोकळी! मुलगा "जरा परतीची वेळ बघू" म्हणेपर्यंत पैसे गेलेसुद्धा.

मी वाढून घेतलं आणि दोन घास जास्त जेवले.

१६ मार्च, सोमवार

सून गुणगुणतेय. भयंकर बेसूर. गुणगुणू दे.

२० मार्च, शुक्रवार

तिकीट स्वस्तातलं, म्हणून बॅग सीटखाली मावेल एवढीच न्यायची. सुनेनं टेप घेऊन बॅग मापली, मग कपड्यांच्या वळकट्या केल्या. चढासाठी रबरी तळाचे बूट आणलेत. ते घालून घरभर चालते, मला उठवून म्हणते, "चला आई, तुम्हीही चढा," आणि पलंगापासून खिडकीपर्यंत धरून नेते. शिक्षिकाबाई चार दिवस माझ्याकडे बघणार आहेत. म्हणजे चार दिवस माझी शाळा!

मी म्हटलं, "माझ्यासाठी काही आणू नका. बॅगेत जागा नाही."

सून म्हणाली, "तुमच्यासाठी तिथला एक म्हातारा आणते. घडी करून."

मुलाची बॅग दाराच्या खुंटीला टांगलेली आहे. रिकामी. दोनदा विचारलं, म्हणाला, "अजून वेळ आहे."

२४ मार्च, मंगळवार

नको ते झालं.

चहा पिताना सुनेनं सहज विचारलं, अगदी लाडात, "काय रे, तुला तिथलं काय आवडलं? ट्राम की पाणी?"

आणि त्यानं माझ्याकडे बघितलं.

एवढंच. क्षणभर. पुढची ओळ विसरलेलं पोर बाईंकडे बघतं तसं. मी कप तोंडाला लावला, पण कप रिकामा होता.

तो कामाला गेल्यावर सून माझ्याजवळ येऊन बसली. "आई, तुम्ही सांगितलंत ना?"

मी म्हटलं, "मला अक्षर ओळखता येत नाही, मी कुठली शहरं सांगणार?"

ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे काचा बदलते आणि विचारते, हे बरं की आधीचं? म्हणाली, "दुकानात काही लोक तक्त्याची खालची ओळ पाठ करून येतात. नंबर वाढलाय हे कळू नये म्हणून. धडाधड म्हणतात. मला लगेच कळतं. दिसणारा माणूस जरा अडखळतो आई, डोळे बारीक करतो. पाठ केलेला अडखळत नाही."

मी म्हटलं, "मग आता पडदे?"

तिनं चमकून बघितलं. मग माझा रिकामा कप उचलला. "जाऊन येऊ. तिथे गेल्यावर कदाचित बोलेल. इथे तुम्ही असता ना सांगायला."

टोमणा होता. पण त्यात नेहमीचं तिखट नव्हतं.

२८ मार्च, शनिवार

मुलाला समोर बसवलं. म्हटलं, तुझ्या मनात आहे तरी काय?

म्हणाला, "चहा घेतेस?"

अरे चहा पाजून पाजून मला बुडवशील! मी म्हटलं, "तुला हे शहर नको असेल तर तसं सांग. पुलांचं घ्या. कुंडांचं घ्या. घरात बसून पत्ते खेळा. पण बोल!"

त्यानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. तोंड उघडलं. मी वाट बघितली. देवाशपथ, श्वास धरून बघितली. मग त्याचा फोन वाजला — कुठल्याशा दवाखान्यात लिफ्ट अडकली होती, आत माणसं होती. उठला, पेटी घेतली, गेला. त्या माणसांना बाहेर काढलं म्हणे लगेच. दुसऱ्यांची लिफ्ट असली की याचे हात कसे चालतात!

मी आता काही करत नाही. मी जे जे करते ते उलटं पडतं. नुसती बसून राहते. बसून राहायलाही जमत नाही.

१ एप्रिल, बुधवार

सुनेची बॅग दारात. वर बूट. तिनं माझ्या गोळ्यांचे चार डबे भरून ठेवले, आणि शिक्षिकाबाईंना बजावलं, "त्या भांडल्या नाहीत तर डॉक्टरला फोन करा."

त्याची बॅग अजून खुंटीला.

२ एप्रिल, गुरुवार

सकाळी टॅक्सी खाली आली. मुलगा माझ्या पलंगाशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "आई, मला नाही जायचं."

मी म्हटलं, "आता कुठल्या शहराला नाही?"

"शहराचं काही नाही. हिच्याबरोबर नाही. कुठेच नाही." अगदी स्पष्ट. अडखळत, डोळे बारीक करून, पण स्पष्ट.

सून मागे दारात उभी होती, बूट घालून. रडली नाही. तिनं एवढंच विचारलं, "कधीपासून?"

साध्या प्रश्नालाही जन्मात पटकन उत्तर न दिलेला माझा मुलगा — त्यानं लगेच सांगितलं, दिवस-तारखेसकट.