नवशिक्याचा बेडूक

६ जुलै, रविवार. सकाळी ९.
उमा अंबरनाथला बहिणीकडे जाऊन आज आठ दिवस झाले. तिची बहीण प्रगती शिवमंदिराजवळ राहते. तिकडे हवा चांगली आहे, थोडा चेंज होईल. मला काही फरक पडलेला नाही.
भांडण डब्याच्या झाकणावरून. कारखान्यात मी क्वालिटीला आहे, खिशात स्टिकर असतातच. भाजीत मीठ जास्त होतं, म्हणून झाकणावर लाल 'रिजेक्ट' चिकटवून डबा परत आणला. विनोद होता. एकोणीस वर्षं मी असे विनोद करतो.
जाताना म्हणाली, तुम्हाला साधा बेडूक सांभाळता यायचा नाही, माणूस काय सांभाळणार!
ठीक आहे. बेडूक पाळणार. एका महिन्यात पाळून दाखवणार. उमा येईल, बघेल, आणि बॅग इथेच ठेवेल.

७ जुलै, संध्याकाळी.
यूट्यूबवर सहा व्हिडिओ पाहिले. घाईत खरेदी केली की नंतर रिजेक्शन येतं. आधी स्पेसिफिकेशन. लिहून फ्रिजवर लावलं:
नवशिक्यासाठी बेडूक. आवाज कमी. रोज लक्ष द्यावं लागू नये. दोन दिवस एकटा सोडला तरी तक्रार नको. देऊ ते खावं. जवळ घ्यायची अपेक्षा नसावी, नुसतं बघायचं.
अक्षर सुंदर आलं आहे. उमाने पाहिलं तर माझी तयारी कळेल.

१० जुलै. आषाढ पौर्णिमा.
पांढरा शर्ट स्वतः इस्त्री केला. कॉलर जरा जळली, पण मागून. उमा दरवर्षी कुळगावच्या विहारात येते, म्हणून वेळेआधी जाऊन दरवाजाजवळ बसलो. आली नाही. अंबरनाथच्या विहारात गेली असेल.
भंतेजी म्हणाले, वर्षावासात भिक्खू तीन महिने एकाच जागी राहतात. हे उमाने ऐकायला हवं होतं.
खीर दोन वाट्या घेतली, एक तिच्यासाठी. घरी येऊन मीच खाल्ली.

१३ जुलै, रविवार.
उल्हासनगरला माशांच्या दुकानात गेलो. सिंधी शेठ मोकळा माणूस. म्हणाला, साईं, अकेले हो तो तोता ले जाओ, बात तो करेगा. मी अकेला नाही, असं त्याला दोनदा सांगितलं.
झाडावरचा हिरवा बेडूक: ओरडतो. रिजेक्ट. पॅकमॅन जातीचा, मोठ्या तोंडाचा: बोट चावतो. रिजेक्ट. पाण्यातला छोटा आफ्रिकन: शेठच्या मते नवशिक्यासाठी एक नंबर, पण जोडीनेच ठेवायचा. अकेला रखोगे तो गुमसुम हो जाएगा, खाना छोड़ देगा. एवढा नाजूक माल मला नको. रिजेक्ट.
टाकी, हीटर आणि थर्मामीटर मात्र घेऊन आलो. टाकी उमाच्या शिलाई मशीनवर ठेवली. तेवढीच सपाट जागा होती.

१६ जुलै.
बाथरूममध्ये बादलीमागे बेडूक! मळकट, अंग खडबडीत. सप्लायर अज्ञात.
हाकलायला वॉचमन सोमाला बोलावलं. तो बारवीकडच्या पाड्यावरचा. हसतच सुटला. सायेब, दुकानातून इकत आनायला निंगालाव, आनि घरात आलेल्याला हाकलताव? मग म्हणाला, सोनिवलीला ही बिल्डिंग व्हायच्या आधी इथं भातखाचरं होती, हा तुमच्या आधीचा रहिवासी.
भावनेवर निर्णय घेत नसतात. बाथरूमच्या दारावर पिवळा 'होल्ड' स्टिकर लावला.

२० जुलै, रविवार.
होल्डवाला अजून आहे. अंघोळ करताना त्याला कारखान्यातल्या ऑडिटबद्दल सांगितलं, सगळं, तासभर. या गप्पा नव्हेत, ऑब्झर्व्हेशन आहे. तो मध्ये बोलत नाही, हा गुण.
उमाला फोन केलेला नाही. ती करेल. फोन चार्ज आहे, रेंज आहे. तपासलं.

२६ जुलै, शनिवार.
उमाचा मेसेज! 'उद्या येते.' एवढाच. तिचं असंच, मोजकं बोलते.
लादी पुसली. ती पिते तसली गवती चहाची जुडी आणली. कपाटातला तिचा अर्धा भाग रिकामा केला, मी तिथे माझे शर्ट पसरले होते. बेडूक निवडीचा शेवटचा टप्पा चालू आहे, असं सांगायचं ठरवलं.

२७ जुलै, रविवार.
उमा आली. सोबत टेम्पोवाला. शिलाई मशीन न्यायला आली होती, तिकडे ब्लाउजच्या ऑर्डरी घेतल्या आहेत.
टाकी मीच उचलून खाली ठेवली. बेडूक कुठेय, तिने विचारलं. शेवटचा टप्पा, मी म्हणालो.
पाणी प्यायला आत गेली आणि फ्रिजसमोर उभी राहिली. कागद दोनदा वाचला. म्हणाली, ही बेडकाची यादी होय? मला वाटलं, माझी. एकोणीस वर्षं हेच तर केलं मी.
हसली असती तर बरं झालं असतं. गवती चहा आणलाय, एवढंच तोंडातून निघालं. टेम्पोवाला थांबलाय, ती म्हणाली.
हात धुवायला गेली तेव्हा तिला बादलीमागचा दिसला. खाली बसून बघत राहिली. किती दिवस आहे हा? अकरा, मी सांगितलं. याला खायला काय देता? तिने विचारलं.
अकरा दिवसांत हा प्रश्नच डोक्यात आला नव्हता.
तिने बाथरूमची खिडकी उघडली. किडे येऊ देत, म्हणाली, नाहीतर त्याला जाऊ दे. दारावरचा पिवळा स्टिकर काढून माझ्या हातात दिला आणि गेली.

२८ जुलै, सोमवार.
बादलीमागे कोणी नाही. तीनदा पाहिलं, टॉर्च लावून. कामावर गेलो नाही.
उमाला फोन केला. बेडूक गेला, असं सांगितलं. ती म्हणाली, मग जाणारच. पुढे बराच वेळ नुसता मशीनचा आवाज येत होता. मी ऐकत राहिलो. फोन तिनेच ठेवला.
मला उमाची आठवण येते. पहिल्या दिवसापासून येते, इथे लिहायचं राहून गेलं होतं.

संध्याकाळी ७.
टाकीत पाणी भरलं. हीटर लावला. तापमान पंचवीस, ओके. आत कोणी नाही.